आधी वर्कशॉप बघ, मग कॉलेज ठरव

चिपळूणहून बारावी सायन्सला असलेल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. तिचे बाबा सुतार. घरामागे पत्र्याची शेड, तिथे एक रंधा मशीन, एक कटर, बाकी सगळं हाताने. जुलै 2021 च्या पुरानंतर दोन वर्षं त्यांच्याकडे फुगलेली कपाटं, सांधे सुटलेले दिवाण, वाकलेली दारं येत राहिली आणि शाळा सुटली की ही त्यांच्या हाताखाली असायची. आता तिला फर्निचर डिझाईन शिकायचं आहे. बाबांचं म्हणणं, "मुंबईचा इंटिरियरवाला येतो, चित्र देतो, पैसे तो नेतो. ड्रॉवर अडकला की फोन मला येतो. ते चित्र काढायला शिकण्यासाठी लाखो रुपये कशाला घालवायचे?" मामा म्हणतात, वर्षभराचा इंटिरियरचा डिप्लोमा कर, लगेच कामं मिळतील. एका एजंटने इंग्लंडमधल्या 'फर्निचर डिझाईन अँड मेकिंग' पदवीचं माहितीपत्रक हातात ठेवलं आहे. पत्राच्या शेवटी ती विचारते: "मला चित्र फार छान काढता येत नाही. वर्कशॉपमध्ये मुली असतात का? आणि बाबांना कसं सांगू?"

प्रिय मुली,

तुझ्या बाबांचं बोलणं मी दोनदा वाचलं. त्यांची तक्रार अगदी खरी आहे आणि तिला उत्तर दिल्याशिवाय तू कुठलाही अर्ज भरू नकोस. चित्र एकाने काढायचं, वस्तू दुसऱ्याने करायची, आणि वस्तू बिघडली की करणाऱ्याने ऐकून घ्यायचं, ही आपल्याकडची रीतच झाली आहे. याचं सगळ्यात मोठं उदाहरण चंदीगडचं. 1950 च्या दशकात त्या नव्या शहरातल्या कचेऱ्या, कोर्टं, वसतिगृहं, वाचनालयं यांसाठी पिअर जानरे या स्विस वास्तुशिल्पीने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी साग आणि वेताच्या खुर्च्या-टेबलं आखली. ती हजारोंनी केली तिथल्या सुतारांनी. पुढे याच खुर्च्या मोडीत निघाल्या, गच्च्यांवर पडून राहिल्या, लिलावात मातीमोल गेल्या. मग परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या आणि आज पॅरिस-लंडनच्या लिलावांत त्यांना लाखांत किंमत येते. खुर्चीवर नाव जानरेचं. ज्यांनी खाचा पाडल्या, त्यांत कुसवं (खाचेत बसणारी लाकडाची टोकं) बसवली, वेत विणला, त्यांतल्या बहुतेकांची नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत.

आता त्याच काळातलं डेन्मार्क बघ. कोपनहेगनच्या सुतारांच्या संघाने 1927 ते 1966 अशी दरवर्षी फर्निचरची प्रदर्शनं भरवली. तिथे आखणारा आणि बनवणारा जोडीने उतरायचे आणि वस्तूवर दोघांचीही नावं असायची. फिन यूल या डिझाइनरची खुर्ची म्हटली की नील्स वॉडर या कारागिराचं नाव आजही सोबत येतं. त्या मंडळींतला सर्वांत गाजलेला हान्स वेग्नर हा जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. चौदाव्या वर्षी गावातल्या सुताराकडे उमेदवारीला लागला, आणि नंतर कोपनहेगनला डिझाईन शिकायला गेला. त्याच्या खुर्च्यांचे सांधे बघताना लक्षात येतं की हे आखणाऱ्याने स्वतः पटाशी चालवलेली आहे.

म्हणून माझं उत्तर असं: तू शिकायला जा, पण जिथे पहिल्या वर्षापासून लाकूड हातात देतात तिथेच जा. नुसतं चित्र शिकवणाऱ्या ठिकाणी गेलीस तर चार वर्षांनी तू बाबांच्या शेडमध्ये येणारी आणखी एक इंटिरियरवाली होशील.

आता बाबांचा खरा प्रश्न. शेडमध्ये जे फुकट शिकता येतं त्यासाठी फी कशाला? कारण शेडमध्ये 'कसं' शिकायला मिळतं. 'का' शिकायला सवड मिळत नाही. गिऱ्हाईक दारात उभं असतं.

एक उदाहरण देते, तुझ्या रोजच्या पाहण्यातलं. पॅनेलचं दार करताना बाबा मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवतात, तिला फेव्हिकॉल लावत नाहीत आणि कडेला थोडी जागा सोडतात. बरोबर? हे ते त्यांच्या वडिलांकडून शिकले असतील. त्यामागचं कारण असं की लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि तसं करताना ते रुंदीत फुगतं-आकसतं. लांबीत जवळपास हलत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात तयार झालेलं तीन फूट रुंद सागाचं टेबल मे महिन्यात नागपूरला गेलं तर ते सहज सेंटिमीटरभर आकसू शकतं. खालच्या चौकटीला ते स्क्रूने गच्च आवळलेलं असेल तर चीर पडणारच. लांबट भोकातून स्क्रू घातला असेल तर ते सुखाने सरकेल. आता यात शिकण्याचं काय? तर फळी झाडाच्या कोणत्या भागातून, कोणत्या बाजूने चिरली यावर ती किती हलणार हे ठरतं, आणि ते आधी मोजता येतं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. फळी गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या रेषेत चिरली तर रुंदीत कमी हलते, कडेने काढली तर जवळजवळ दुप्पट. एकदा हे समजलं की तू फणसाचं, आंब्याचं, बाभळीचं, बाबांनी कधी न वापरलेलंही लाकूड हातात घेऊन अंदाज बांधू शकतेस. बाबांना सागाबद्दल चाळीस वर्षांच्या सवयीने कळतं ते तुला कुठल्याही लाकडाबद्दल विचारता येऊ लागेल. प्लायवूडचं सरळ आहे: त्यात पापुद्रे एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, एक हलू पाहतो तेव्हा दुसरा त्याला धरून ठेवतो. मग पुरात काही कपाटं टिकली आणि काही लापशीसारखी का फुगली? तू ती कपाटं हाताने उघडली आहेस. काहींत भुसा दाबून केलेला बोर्ड होता, काहींत साधा प्लाय आणि साधा डिंक, काहींत पाण्याला टिकणाऱ्या रेझिनने चिकटवलेला. डिझाईनच्या वर्गात 'मटेरियल' नावाचा विषय असतो. त्याचा निम्मा अभ्यास तुझ्या अंगणात पडला होता.

दुसरी गोष्ट, माणसाचं शरीर. बाजारातल्या बहुतेक खुर्च्यांची बैठक 17-18 इंचांवर असते आणि आपल्याकडच्या कितीतरी बायकांचे पाय त्यांत जमिनीला नीट टेकत नाहीत. भारतीय शरीरांची मापं घेऊन अहमदाबादच्या एनआयडीने (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईनने) 1997 मध्ये ती प्रसिद्ध केली आहेत. खुर्ची कुणासाठी, ती व्यक्ती किती वेळ बसणार, उठताना हात कुठे टेकणार, तिला मांडी घालायची सवय आहे का, हे विचारायला शिकणं हा या शिक्षणाचा गाभा आहे. आपण पाट, चौरंग, झोपाळा वापरणारी माणसं. कोकणातल्या झोपाळ्यावर दुपारभर माणसं बसतात, झोपतात, भाजी निवडतात, बाळ जोजवतात. तरी त्याचा नीट अभ्यास करून चांगला, आजच्या लहान घरात मावेल असा झोपाळा फारसा कुणी करत नाही. तुझ्यासाठी काम पडून आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महाग आहे: वस्तू बिघडवायची मुभा. बाबांनी खुर्ची फसवली तर तो त्या महिन्याचा तोटा. विद्यापीठात तू पूर्ण मापाची खुर्ची करशील, तिच्यावर माणूस बसेल, ती मोडेल, आणि मग तीच पुन्हा करशील. फीमध्ये तू मुख्यतः हेच विकत घेतेस. म्हणून जिथे पूर्ण मापाच्या वस्तू होत नाहीत, नुसती पुठ्ठ्याची मॉडेलं आणि स्क्रीनवरची चकचकीत चित्रं होतात, तिथली फी ही निव्वळ फसवणूक आहे असं मी म्हणते.

तर कुठे जायचं? माझी पहिली पसंती अहमदाबादची एनआयडी. तिथे चार वर्षांच्या बी.डेस. या डिझाईनच्या पदवीत फर्निचर आणि इंटिरियर डिझाईन ही वेगळी शाखा आहे, पुढे याच विषयात अडीच वर्षांचं एम.डेस. आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर जोडप्याने 1958 मध्ये भारत सरकारला अहवाल दिला, त्यातून 1961 मध्ये ही संस्था उभी राहिली. 1964 मध्ये तिथे जॉर्ज नाकाशिमा येऊन राहिला आणि त्याने संस्थेसाठी फर्निचर आखलं. या माणसाबद्दल तुला थोडं सांगायलाच हवं. एमआयटीतून वास्तुकलेची पदव्युत्तर पदवी घेतलेला अमेरिकन. तरुणपणी पाँडिचेरीच्या आश्रमातल्या गोलकोंड या इमारतीवर काम केलेला. दुसऱ्या महायुद्धात, जपानी वंशाचा म्हणून, त्याला कुटुंबासह आयडाहोतल्या छावणीत डांबलं गेलं. तिथे त्याला गेंतारो हिकोगावा नावाचा, जपानी परंपरेत तयार झालेला सुतार भेटला. जी मिळेल ती लाकडं घेऊन हा आर्किटेक्ट त्या सुताराच्या हाताखाली पुन्हा पहिल्यापासून शिकला. पुढे जगभर नावाजलेलं त्याचं काम या शिकण्यावर उभं आहे. पदवी खिशात असलेल्या माणसाला जे छावणीत जाऊन शिकावं लागलं, ते तुला घरी मिळालं आहे. ही गोष्ट बाबांनाही सांग.

एनआयडीची परीक्षा दोन टप्प्यांत होते. प्राथमिक परीक्षा हिवाळ्यात, अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे. मग मुख्य परीक्षा, तीत स्टुडिओ टेस्ट असते. खुल्या प्रवर्गासाठी वयाची मर्यादा 20 वर्षं आहे, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. तू आत्ता 17 ची आहेस, म्हणजे एखादं वर्ष गेलं तरी घाबरायचं कारण नाही. चित्र 'छान' काढता येत नाही याची काळजी सोड. तिथे रांगोळीसारखं देखणं चित्र कुणाला नको असतं. नीट बघितलेलं, विचार दिसणारं चित्र हवं असतं. बिजागरी कशी उघडते हे तू चार रेघांत दाखवू शकलीस तर पुरे. रोज एक वस्तू, समोरून, बाजूने, आणि उघडून, अशी काढत जा. आणि स्टुडिओ टेस्टमध्ये कागद, तार, माती असलं काहीतरी देऊन वस्तू करायला सांगतात, तेव्हा क्लास लावून आलेल्या मुलांपेक्षा तुझे हात जास्त सरावलेले असतील.

अहमदाबादलाच सेप्ट विद्यापीठ आहे, त्यांच्या डिझाईन विद्याशाखेचाही अर्ज भर. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाईन विभागात बी.डेस.साठी यूसीड ही प्रवेशपरीक्षा असते, पण तिथला रोख एकूण औद्योगिक वस्तूंवर आहे. फर्निचर तू त्यातून स्वतः शोधून काढायचं. मुंबईची जे.जे. कलाशाळा 1857 पासूनची, तिथे इंटिरियर डेकोरेशनची पदवी आहे.

बाकी 'फर्निचर' हा शब्द असलेले कोर्स आता गल्लोगल्ली निघाले आहेत. तिथे गेलीस की पहिलं वाक्य हे म्हण: "मला वर्कशॉप दाखवा." संगणकांची खोली दाखवली तर पुन्हा तेच म्हण. आत गेल्यावर जमिनीवर भुसा आहे का बघ. पटाशींना धार आहे का, अंगठ्याने तुला लगेच कळेल. मुलांच्या नजरेसमोर अर्धवट, फसलेली, मोडलेली कामं पडलेली असायला हवीत. वर्कशॉप शिकवणाऱ्या मिस्त्रीकाकांशी बोल, त्यांना तिथे 'सर' म्हणतात की कोपऱ्यात बसवतात ते बघ. पहिल्या वर्षाच्या मुलाला विचार, हाताने कुसू कापलंस का? वर्कशॉप संध्याकाळी उघडं असतं का? या प्रश्नांना अडखळत उत्तरं आली तर चहा पिऊन परत ये. अशा एखाद्या खासगी संस्थेसाठी जमीन विकू नका, सोनं मोडू नका.

इंग्लंडचं. अभ्यासक्रम चांगले आहेत, खोटं नाही. हाय विकम हे गावच खुर्च्यांचं. आसपासच्या चिल्टर्न टेकड्यांतल्या बीचच्या लाकडातून तिथे 19 व्या शतकात विंडसर खुर्च्या घडल्या. ऑक्सफर्डचं रायकोटवूड 1938 पासूनचं. हातकाम, यंत्रकाम आणि डिझाईन तिथे एकत्र शिकवतात, अगदी जे मी तुला शोधायला सांगते आहे ते. पण परदेशी विद्यार्थ्यांची तीन वर्षांची फी आणि राहण्याचा खर्च तुमच्या शेडच्या उत्पन्नावर कर्ज काढून करू नये. शिवाय एजंटला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, त्याचा सल्ला त्या हिशेबाने ऐकावा. आधी इथे शीक, साग-फणस-बांबू ओळख, दोन वर्षं काम कर. मग पदव्युत्तरसाठी, शिष्यवृत्ती घेऊन, तुझ्या कामाचे फोटो दाखवून जा.

मामांच्या डिप्लोमाला माझा नकार आहे. त्यातून फॉल्स सीलिंग, सनमायकाचे रंग आणि सॉफ्टवेअर येईल. कामं मिळतील हे खरं. पण त्या कामांत ड्रॉवर अडकला की फोन पुन्हा बाबांनाच जाईल.

पैशांबद्दल स्वच्छ बोलते. एनआयडीचाही खर्च वर्षाला काही लाखांत जातो. शैक्षणिक कर्ज मिळतं, उत्पन्नावर आधारलेल्या शिष्यवृत्त्या आहेत, जात आणि उत्पन्नाचे दाखले आत्तापासून काढून ठेव, ऐन वेळी तहसीलचे खेटे घालावे लागतात. आणि पदवीनंतर लगेच तुझ्या नावाची खुर्ची बाजारात येईल असं समजू नकोस. बहुतेकांची पहिली नोकरी ऑफिस फर्निचरच्या किंवा मॉड्युलर किचनच्या कंपनीत असते, दिवसभर स्क्रीनसमोर बसून 18 मिलिमीटरच्या बोर्डाचे नकाशे काढायचे, कारखान्यात जाऊन मशीनवर ते तपासायचे. कुणी जोधपूरच्या निर्यातदारांकडे जातं. ही वर्षं वाया जात नाहीत. किंमत कशी काढतात, एका शीटमधून किती भाग निघतात, माल ट्रकमध्ये कसा रचतात, हे तिथेच कळतं. बाबांसाठी वेगळं: पीएम विश्वकर्मा योजनेत 2023 पासून सुतार आहेत. अवजारांसाठी 15,000 रुपये आणि 5 टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज मिळतं. त्यांनी नाव नोंदवलं नसेल तर तू नोंदवून दे.

वर्कशॉपमध्ये मुली असतात का? असतात, डिझाईनच्या वर्गांत तर भरपूर. अडचण त्यांच्या असण्याची नाही, टेबलांच्या उंचीची आहे. सुतारी टेबलं उंच पुरुषांच्या मापाने केलेली असतात आणि चुकीच्या उंचीवर रंधा मारला की दोन महिन्यांत खांदा धरतो. हात सरळ खाली सोडला की मनगटाच्या आसपास टेबल यायला हवं. येत नसेल तर पायाखाली फळी घे, लाजू नकोस. ओढणी नाही, केस बांधलेले, आणि फिरत्या पात्याजवळ हातमोजे अजिबात नाहीत. मोजा पात्यात अडकला की हात ओढला जातो. तुला "हे मुलींचं काम नाही" म्हणणारा एखादा भेटेलच. त्याच्याशी वाद न घालता त्याच्या पटाशीला धार लावून दे.

धुळीचं मात्र मी हात जोडून सांगते. लाकडाच्या बारीक धुळीने नाकाचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच तिला तशा पदार्थांच्या यादीत घातलं आहे. मशीनवर काम करताना, विशेषतः पॉलिश पेपर मारताना, तू आणि बाबा दोघांनीही एन-95 मास्क लावायचा. नाकाला बांधलेला रुमाल पुरत नाही. बाबांनी आयुष्यभर लावला नसेल. तू आणून त्यांच्या हातात दे आणि लावेपर्यंत मशीन चालू करू देऊ नकोस.

आता परीक्षेपर्यंतचं काम. एक मोठी वही घे. पुरानंतर दुरुस्त केलेल्या वस्तूंपैकी ज्या अजून गावात आहेत त्यांच्या घरी जा. प्रत्येक वस्तूचं मोजमाप, ती कुठे निकामी झाली, का झाली, बाबांनी काय केलं, आणि आज, एवढ्या पावसाळ्यांनंतर, ती कशी आहे, हे लिही आणि काढ. वापरणाऱ्या माणसाला विचार, तिचं काय बरं वाटतं, काय खुपतं. मग त्यातली एक वस्तू स्वतः नव्याने आखून, बाबांच्या देखरेखीत, पूर्ण मापाची कर. असा पोर्टफोलिओ क्लासवाल्या मुलांकडे नसतो. जमल्यास कुडाळला जाऊन ये, तिथे कोनबॅक ही संस्था बांबूचं फर्निचर आणि बांधकाम करते. आणि यंदा प्रवेश हुकला तर घरी हातावर हात ठेवून बसायचं नाही. आयटीआयचा एक वर्षाचा सुतारकामाचा कोर्स कर, किंवा बंगळुरूच्या लाकूड विज्ञान संस्थेत लाकूडकामाची छोटी प्रशिक्षणं होतात त्यांची चौकशी कर.

बाबांना आजच सांग. गणपतीच्या आधी चौरंग-मखरांची घाई सुरू झाली की त्यांना बोलायला वेळ मिळणार नाही, आणि तोपर्यंत तुझे अर्जाचे दिवस जवळ येतील. फीच्या आकड्यापासून सुरुवात करू नकोस. आधी वहीची कल्पना सांग आणि मदत माग, कारण ती खरोखर त्यांच्याशिवाय होणार नाही. पॅनेलला डिंक का लावत नाहीत हे विचार आणि त्यांचं उत्तर पूर्ण ऐक. अहमदाबादला जाऊन एनआयडीचं वर्कशॉप बघायचं ठरलं तर त्यांना घेऊन जा. आधी संस्थेला लिहून परवानगी घ्या. तिथली यंत्रं आणि मुलांनी केलेले सांधे त्यांना स्वतः बघू देत. ते चांगल्या सांध्याला चांगला म्हणतील आणि वाईटाला वाईट. परतीच्या गाडीत त्यांचं मत विचार, आणि ते वहीत लिहून ठेव.